ग्युसिंगचं सरपण: एका गावाच्या उष्णतेचा हिशेब

जळणाचं लाकूड जवळच्या जंगलातलंच हवं, लांबून आणलं तर वाहतुकीतच त्याचा फायदा संपतो, असं हमखास ऐकू येतं. ऐकताना पटतंही. पण आकडेमोड करायला बसलं की वेगळंच निघतं. मोठ्या ट्रकमध्ये लाकडाच्या सुट्या ढलप्या साधारण 90 घनमीटर मावतात. बऱ्यापैकी वाळलेल्या ढलप्यांच्या एका घनमीटरमध्ये 750 ते 800 किलोवॅट-तास उष्णता असते, म्हणजे एका खेपेत सुमारे 70 हजार. हा ट्रक 100 किलोमीटरवरून भरून आला आणि रिकामा परत गेला तर त्याला 70 लिटरच्या आसपास डिझेल लागेल. लिटरमागे 10 किलोवॅट-तास धरले तर झाले 700. सत्तर हजारांतले सातशे, शेकडा एक.

म्हणजे जवळच्या लाकडाचा आग्रह डिझेलसाठी धरायचा असेल तर त्यात फार दम नाही. तरीही तो आग्रह मला बरोबर वाटतो, पण वेगळ्या कारणांनी. ती कारणं ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या छोट्या गावाच्या पंचवीस-तीस वर्षांच्या खटाटोपात जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचित कुठे दिसतील. या गावाची गोष्ट बहुतेक वेळा यशोगाथा म्हणून सांगितली जाते, अलीकडे काही जण ती फसलेला प्रयोग म्हणूनही सांगतात. दोन्ही अर्धवट आहेत. गावाने लाकडापासून दोन वेगवेगळे धंदे उभे केले, त्यातला एक तगला आणि दुसरा बुडाला. लाकूड त्याच भागातलं, माणसंही तीच. मग असं का झालं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

1990 चं गाव

ग्युसिंग हे बुर्गेनलांड प्रांताच्या दक्षिण टोकाला, हंगेरीच्या सीमेला लागून आहे. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. मधोमध एका जुन्या ज्वालामुखीच्या टेकाडावर मध्ययुगीन किल्ला. बुर्गेनलांड 1921 मध्ये हंगेरीकडून ऑस्ट्रियाकडे आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी पडदा या प्रांताच्या अगदी पूर्व कडेला येऊन उभा राहिला. 1989 पर्यंत ग्युसिंगच्या पलीकडे कुठे जायचं नव्हतं, आणि अलीकडून कुणी यायचं नव्हतं. रेल्वे नाही, महामार्ग नाही, नाव घेण्यासारखा कारखाना नाही. कमावती माणसं मोठ्या संख्येने व्हिएन्ना किंवा ग्राझला कामाला जात आणि शनिवार-रविवारी घरी येत. ऑस्ट्रियातल्या सर्वांत गरीब भागांमध्ये या जिल्ह्याची गणना होत असे.

असल्या गावात वीज, गरम करण्याचं तेल आणि गाड्यांचं इंधन यांपायी वर्षाला सुमारे 60 लाख युरो बाहेर जात होते, असं गावाचीच आकडेमोड सांगते. तेव्हाचं चलन शिलिंग होतं, हा आकडा नंतर युरोत मांडलेला. माणशी दीड हजार युरो. भोवती जंगल, त्यातली विरळणीची, म्हणजे दाटी कमी करायला तोडलेली लाकडं जागच्या जागी कुजत पडलेली, आणि घराघरात तळघरातल्या टाकीत बाहेरून आणलेलं तेल.

राइनहार्ड कोख हे याच गावचे विद्युत अभियंते. बाहेर जाणारा हा पैसा गावातच फिरवायचा, ही मूळ कल्पना त्यांची. 1990 मध्ये नगरपरिषदेने जीवाश्म इंधनं सोडण्याचं धोरण ठरवलं. 1992 मध्ये महापौर झालेल्या पेटर वादास यांनी ते पुढची वीस वर्षं लावून धरलं. महत्त्वाचं हे की एकच माणूस एवढा काळ त्या खुर्चीत राहिला. पाइप पुरून त्यांचे पैसे वसूल व्हायला तेवढा वेळ लागतोच.

पहिलं काम लाकडाचं नव्हतंच. सार्वजनिक इमारतींच्या भिंती, छपरं, खिडक्या दुरुस्त करून उष्णतेची गळती थांबवली गेली, रस्त्यावरचे दिवे बदलले गेले. त्याने गावाच्या इमारतींचा ऊर्जाखर्च जवळजवळ निम्म्यावर आला असं सांगितलं जातं. ग्युसिंग बघायला येणाऱ्यांना दाखवायला हे काम फारसं उपयोगी नाही, भिंतीतल्या आवरणासमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. पण या पायरीमुळे पुढचा बॉयलर लहान घेता आला, आणि लाकूडही कमी लागलं.

रस्त्याखालचं गरम पाणी

आजूबाजूच्या वाड्यांमध्ये छोट्या प्रमाणावर हात बसल्यावर 1996 मध्ये ग्युसिंगमध्ये लाकडावर चालणारं डिस्ट्रिक्ट हीटिंग, म्हणजे गावाचं सामायिक उष्णताजाळं सुरू झालं. रचना साधी आहे. गावाच्या कडेला एक मोठा बॉयलर. त्यात ढलप्या, साल, भुसा जळतो आणि 80-90 अंशांचं पाणी तयार होतं. ते जाड आवरणाच्या पाइपांमधून रस्त्याखालून घरोघरी जातं. प्रत्येक घरात एक लहानसा उष्णता-विनिमयक आणि मीटर असतो. जाळ्यातलं पाणी घरातल्या रेडिएटरच्या पाण्याला उष्णता देतं, थंड होऊन परत जातं. घरातला तेलाचा बॉयलर, टाकी आणि धुराडं तिन्ही निघून जातात.

साधी असली तरी या रचनेत एक खोच आहे. पुरलेला पाइप उष्णता गमावतो, आणि घरात कुणी ती वापरतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उदाहरणादाखल धरा की चराच्या एका मीटरमधून सरासरी 25 वॅट उष्णता जमिनीत मुरते. वर्षाचे 8,760 तास धरले तर मीटरमागे सुमारे 220 किलोवॅट-तास. त्या मीटरवर वर्षाला 2,000 किलोवॅट-तास विकले जात असतील तर गळती एकूण उत्पादनाच्या दहा टक्के. पण घरं विरळ असतील आणि मीटरमागे 700 च विकले जात असतील तर तीच गळती जवळजवळ चोवीस टक्क्यांवर जाते. बॉयलर कितीही चांगला घ्या, लाकूड कितीही स्वस्त मिळवा, लांब-लांब वसलेल्या बंगल्यांना असं जाळं परवडत नाही. शाळा, इस्पितळ, पोहण्याचा तलाव, चिकटून असलेली घरं असा दाट पट्टा हाताशी असला तरच गणित बसतं.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. जुलै महिन्यात घरं गरम करायची नसतात, फक्त अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी लागतं. मागणी हिवाळ्याच्या एक दशांशावर येऊ शकते, गळती मात्र बहुतांशी तेवढीच राहते. त्यामुळे उन्हाळ्यात जाळं अर्धंअधिक जमीनच तापवत बसतं. बॉयलरलाही ते मानवत नाही. मोठ्या भट्टीला अगदी मंद जाळावर चालवलं की ज्वलन अपुरं होतं, धूर वाढतो, चिमणीत काजळी धरते.

ग्युसिंगने या अडचणीवर शोधलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत हुशारीचा वाटतो. गावाने लाकडी फरशी, म्हणजे पार्केट बनवणाऱ्या कारखान्यांना आपल्याकडे बोलावलं. पार्केटसाठी लाकूड अतिशय काटेकोरपणे वाळवावं लागतं आणि वाळवणीच्या खोल्यांना बारा महिने उष्णता लागते, जुलैमध्येही. गावाने त्यांना उष्णता दिली. कारखान्यातला भुसा, कापलेले तुकडे आणि साल पुन्हा गावाच्या इंधनात आली. उन्हाळ्याचं गिऱ्हाईक आणि हिवाळ्याचं सरपण एकाच दारातून आलं. नुसता स्वस्त दर सांगून हा सौदा झाला असेल असं मात्र मला वाटत नाही. ऑस्ट्रिया 1995 मध्ये युरोपीय संघात गेला तेव्हा बुर्गेनलांडला मागास प्रदेशांच्या पहिल्या गटात जागा मिळाली आणि तिथे कारखाना काढणाऱ्याला भरघोस अनुदान होतं. गाव पुढे पन्नास नवे उद्योग आणि हजारावर नोकऱ्यांचा आकडा सांगत असे. तो आकडा एकट्या लाकडाच्या नावावर मांडणं म्हणजे शेजाऱ्याने पाजलेलं पाणी आपल्या विहिरीच्या खात्यावर लिहिणं झालं.

ओलं लाकूड, वाळलं लाकूड

जळणाचा धंदा शेवटी पाण्याभोवती फिरतो. नुकत्याच पाडलेल्या झाडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 5.2 किलोवॅट-तास उष्णता धरली, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 किलोवॅट-तास लागतात हे लक्षात घेतलं, तर हिशेब असा होतो. अर्धं पाणी असलेल्या एका किलो लाकडात कोरडं लाकूड अर्धाच किलो. त्याचे 2.6, त्यातून उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करायला गेलेले 0.35 वजा केले की हाती येतात सव्वादोन. तेच लाकूड पंचवीस टक्के पाण्यापर्यंत वाळवलं तर किलोमागे पावणेचारच्या घरात.

ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो तेव्हा या फरकाचा खरा अर्थ कळतो. टनावर पैसे द्यायचे ठरवलं तर देणाऱ्याला ओलं लाकूड आणणं फायद्याचं पडतं, कारण तो पाणी विकतो. घनमीटरवर दिले तर ढलप्या किती दाबून भरल्या यावर वाद. म्हणून जाणती उष्णताकेंद्रं लाकूड नव्हे, त्यातली उष्णता विकत घेतात. ट्रकचं वजन होतं, खेपेच्या वेगवेगळ्या जागांवरून बादलीभर नमुना काढतात, तो तोलून 105 अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात आणि पुन्हा तोलतात. दोन वजनांमधला फरक म्हणजे पाणी. त्यावरून किलोवॅट-तास काढतात आणि पैसे त्याचे देतात. अशी पद्धत लागली की लाकूड आणणाराच ते उन्हात वाळवून आणतो, सांगावं लागत नाही.

वाळवायचंही एक शास्त्र आहे. ढलप्या करून ढीग घातला की लाकूड आपोआप वाळेल असं वाटतं, होतं उलटं. ओल्या ढलप्यांच्या ढिगात बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, काही दिवसांत ढिगाच्या पोटात 50-60 अंश उष्णता निर्माण होते. वर वाफ दिसते, आत लाकूड खाल्लं जातं, महिन्याला दोन-चार टक्के कोरडा माल नाहीसा होऊ शकतो. बुरशीचे कण फावडं मारणाऱ्याच्या छातीत जातात. ढीग फार उंच असला तर आपोआप पेटल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून शहाणपण असं की ओंडके सावली नसलेल्या, वाऱ्याच्या जागी उन्हाळाभर रचून ठेवायचे आणि ढलप्या अगदी जाळायच्या आधी करायच्या. एका उन्हाळ्यात पन्नासचं पाणी तीस टक्क्यांवर सहज येतं. त्याला ना वीज लागते, ना यंत्र, फक्त रिकामी जागा आणि वर्षभर आधी गुंतवलेला पैसा लागतो. हा दुसरा भाग लोक विसरतात.

मोठ्या भट्ट्या ओलं लाकूड खाऊ शकतात. त्यांची सरकती जाळी आधी लाकूड वाळवते आणि मग जाळते. धुरातल्या वाफेला थंड करून तिची उष्णता परत मिळवण्याचीही सोय करता येते, मात्र जाळ्यातून परतणारं पाणी पुरेसं थंड असेल तरच. घरातल्या लहान चुलीला यातलं काहीच जमत नाही. तिला वाळलेलंच लाकूड लागतं.

जंगल कुणाचं

ऑस्ट्रियाच्या जवळजवळ 48 टक्के भूमीवर जंगल आहे आणि त्याचा मोठा भाग लहान-लहान खासगी मालकांच्या हातात. ग्युसिंगच्या बाजूला तर वारसाहक्काने तुकडे पडत गेलेल्या अरुंद पट्ट्या आहेत. कित्येक मालक व्हिएन्नात राहणारे, आपली पट्टी नेमकी कुठे संपते हेही न सांगता येणारे. अशा मालकाला दहा-वीस घनमीटर हलकं लाकूड विकायला यंत्र आणि माणूस बोलावणं परवडत नाही. म्हणून जंगल वाढत होतं आणि विरळणी होत नव्हती. मालकांच्या संघटनेने हे तुकडे एकत्र करून तोड, वाहतूक आणि विक्रीची कामं अंगावर घेतली, तेव्हा कुठे लाकूड बाहेर येऊ लागलं. बॉयलरइतकीच ही संघटनाही इथल्या यंत्रणेचा भाग होती. बॉयलर विकत मिळतो, ती मिळत नाही.

जंगलवाल्याचं खरं उत्पन्न फळ्यांसाठी जाणाऱ्या सरळ, जाड बुंध्याचं असतं. जळणाला जातं ते वाकडं, बारीक, किडकं, शेंड्याकडचं. जळणासाठी म्हणून सहसा कुणी चांगलं झाड पाडत नाही, कारण ते तोट्याचं असतं. 1975 च्या वनकायद्याचाही धाक आहे. अर्ध्या हेक्टरहून मोठा पट्टा सरसकट तोडायला परवानगी लागते, दोन हेक्टरच्या वर मनाई आहे, आणि तोडलेल्या जागी पुन्हा जंगल उभं करावंच लागतं. 2007 ते 2009 च्या राष्ट्रीय वनगणनेत देशातली वार्षिक वाढ सुमारे 3 कोटी घनमीटर आणि तोड सुमारे 2 कोटी 60 लाख घनमीटर निघाली. तोड वाढीपेक्षा कमी.

यावरून लाकूड कार्बनमुक्त ठरतं का? इथे जरा थांबायला हवं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या 2006 च्या मार्गदर्शक आकड्यांनुसार एका किलोवॅट-तासामागे लाकूड सुमारे 400 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, गरम करण्याचं तेल सुमारे 270 ग्रॅम. चिमणीच्या तोंडाशी लाकूड तेलापेक्षा जास्त सोडतं, यात लपवण्यासारखं काही नाही. हिशेबाच्या नियमांत लाकडाचं उत्सर्जन चिमणीवर नाही तर जंगलाच्या खात्यावर मांडतात: झाड तुटलं की तिथला साठा कमी झाला. नियम म्हणून ते चुकीचं नाही, पण चिमणीवरचं शून्य दाखवून जंगलाचं पान उलटायचंच नाही, अशी सवय त्यातून लागते.

खरा प्रश्न असतो की हे लाकूड जाळलं नसतं तर त्याचं काय झालं असतं. विरळणीचं बारीक लाकूड आणि शेंडे जमिनीवर पडून काही वर्षांत कुजून तोच वायू सोडणार होते. ते जाळले तर उसनवारी थोड्या वर्षांची. कारखान्याच्या भुशाचं तर त्याहून सोपं. पण ऐंशी वर्षं वाढलेला उभा बुंधा जाळला तर तेवढा कार्बन परत साठवायला पुढची कित्येक दशकं लागतात, आणि हवामानाला तेवढा धीर नाही. ग्युसिंगचं जाळं मुख्यतः पहिल्या प्रकारच्या लाकडावर उभं राहिलं म्हणून मी त्याला नवीकरणीय म्हणायला तयार आहे. त्याच बॉयलरमध्ये दुसऱ्या प्रकारचं लाकूड गेलं तर तो शब्द मी परत घेईन. सगळ्या फांद्या-पानं उचलून नेणंही बरं नव्हे, झाडाची खनिजं मुख्यतः त्या बारीक भागातच असतात आणि ती गेली की माती हळूहळू निकस होते.

धूर आणि राख यांबद्दल थोडक्यात. शेकडो घरगुती चुलींपेक्षा धूळ पकडणारी विद्युत गाळणी बसवलेली एक भट्टी केव्हाही स्वच्छ. साल नसलेल्या लाकडाची राख कोरड्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, सालीची बरीच जास्त. भट्टीच्या तळची राख शेताला चालते. गाळणीत अडकलेल्या बारीक राखेत कॅडमियम आणि जस्त साठतं, ती चालत नाही.

वीज करायला गेले आणि

2001 च्या अखेरीस ग्युसिंगमध्ये जे यंत्र पहिल्यांदा पेटवलं गेलं त्याने गावाचं नाव जगभर गेलं. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातले हेर्मान होफबाउअर आणि त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेला हा लाकूड-वायू प्रकल्प. ढलप्या न जाळता सुमारे 850 अंशांच्या तापलेल्या वाळूसारख्या खनिजात, ऑलिव्हिनमध्ये, वाफेच्या सान्निध्यात सोडायच्या. त्यांचा वायू होतो. उरलेला कोळसा वाळूबरोबर वाहत शेजारच्या दुसऱ्या कोठडीत जातो, तिथे हवेत जळतो, वाळू पुन्हा तापते आणि परत पहिल्या कोठडीत येते. हवा दुसरीकडेच राहिल्याने वायूत नायट्रोजन जवळजवळ नसतो आणि सुमारे 40 टक्के हायड्रोजन मिळतो. वायूतला डांबरासारखा चिकटा काढायला तो रेपसीड या मोहरीसारख्या तेलबीच्या बायोडिझेलने धुतात, आणि मळलेलं बायोडिझेल परत भट्टीत टाकतात. धुतलेला वायू इंजिनात जातो. 8 मेगावॅट लाकूड आत, 2 मेगावॅट वीज आणि साडेचार मेगावॅट उष्णता बाहेर. देखणं यंत्र. 2009 मध्ये याच वायूच्या एका फाट्यापासून नैसर्गिक वायूची बरोबरी करणारं इंधनही बनवून दाखवलं गेलं. आठवड्याला शेकडो पाहुणे बघायला येऊ लागले, त्यांच्यासाठी निराळं पर्यटन उभं राहिलं.

तांत्रिकदृष्ट्या प्रकल्प चालला. हरला तो लाकडाच्या भावापुढे, आणि हा भाव वाढायला सगळ्या देशाचा उत्साह कारणीभूत झाला. 2002 मध्ये मंजूर झालेल्या हरित-वीज कायद्याने लाकडापासून केलेल्या विजेला ठरावीक वर्षांसाठी बांधील दर दिला. ठिकठिकाणी वीजकेंद्रं उभी राहिली. व्हिएन्नात झिमरिंगचं प्रचंड केंद्र 2006 मध्ये सुरू झालं. पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या बनवणारे, लाकडाचे दाबपत्रे बनवणारेही त्याच भुशावर आणि विरळणीच्या लाकडावर नजर ठेवून होते. जे लाकूड 1990 मध्ये ग्युसिंगच्या जंगलात कुजत होतं त्याला आता चार गिऱ्हाइकं होती.

भाववाढ दोन्ही धंद्यांना सारखी लागत नाही, हे इथे आकड्यांत बघू. समजा लाकूड किलोवॅट-तासामागे एक सेंटने महागलं. साध्या बॉयलरमधून आणि जाळ्यातून घरी पोचणाऱ्या उष्णतेला एका किलोवॅट-तासामागे सव्वा सेंट, फार तर दीड सेंट जास्त पडतात. आणि उष्णतेचा दर वाढवता येतो: गिऱ्हाईक कुरकुरतं, पण शेजारच्या घरात तेलाचाही भाव वाढलेला असतो. वीजकेंद्रात एका किलोवॅट-तास विजेसाठी चार किलोवॅट-तास लाकूड लागतं, म्हणजे थेट चार सेंट. त्याच लाकडातून सव्वादोन किलोवॅट-तास उष्णताही निघते. ती विकली गेली आणि तिचा दर वाढला तर विजेच्या अंगावर उरतात दीडेक सेंट. हिवाळ्यात हे जमतं. जुलैमध्ये उष्णता घ्यायला कुणी नसलं की चारही सेंट विजेवर, आणि विजेचा दर कायद्याने बांधलेला, वाढणार नाही. पार्केटच्या वाळवणी खोल्यांना पुरून उरेल एवढी उष्णता हे केंद्र उन्हाळ्यात काढत होतं.

2013 मध्ये केंद्र चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. 2016 मध्ये बांधील दराची मुदत संपली आणि यंत्र थांबलं. ग्युसिंगच्याच तंत्रावर स्वीडनमधल्या गोथेनबर्गने 2014 मध्ये 20 मेगावॅटचा वायू प्रकल्प सुरू केला होता. तोही यंत्र म्हणून चालला, आणि वायू बाजारभावापेक्षा महाग पडतो म्हणून 2018 मध्ये थांबवला गेला.

त्या काळातल्या काही टीकाकारांनी 'ग्युसिंग फसलं' असा निकाल देऊन टाकला. मला तो उथळ वाटतो. वीजकेंद्र हा संशोधनाचा प्रकल्प होता. त्याला गावाच्या अर्थकारणाचा खांब समजण्याची चूक आधी कौतुक करणाऱ्यांनी केली, मग टीका करणाऱ्यांनी. 1996 चं उष्णताजाळं त्यानंतरही चालू राहिलं. त्याला ना बांधील दर लागत होता, ना 850 अंशांची वाळू.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येता येईल. शंभर किलोमीटरच्या वाहतुकीला एकच टक्का ऊर्जा लागत असेल तर जवळचं लाकूड हवं कशाला? ग्युसिंगच्या उष्णताजाळ्याला जवळच्या लाकडाचा फायदा झाला तो त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. शंभर किलोमीटर ढलप्या ट्रकने न्यायला ऊर्जा कमी लागते, त्याच कारणाने शंभर किलोमीटरवरचा वीजकेंद्रवालाही आपल्या जंगलातलं लाकूड आरामात उचलून नेऊ शकतो. अंतर आपलं रक्षण करत नाही. वाकडं, बारीक, विखुरलेलं, दहा मालकांच्या दहा पट्ट्यांमधलं लाकूड करतं, कारण ते गोळा करण्याची कटकट बाहेरच्याला नको असते, आणि संघटना असलेल्या गावाला ती झेपते. कारखान्याचा भुसा करतो, जोवर कारखाना त्याच जाळ्यावर आपलं लाकूड वाळवतो आहे तोवर. हे धागे सुटले की जवळचं लाकूडही बाजारभावानेच घ्यावं लागतं.

म्हणून अशा प्रकल्पाचा आराखडा समोर आला की मी बॉयलरचं पान सर्वांत शेवटी उघडतो. आधी शोधतो तो लाकडाचा करार: मोजणी टनावर आहे की किलोवॅट-तासावर, भाव कशाशी बांधलेला आहे, आणि भुसा देणारा उद्या पेलेटवाल्याकडे वळला तर पर्याय काय. मग चराच्या मीटरमागची विक्री. आणि त्यानंतर जुलै महिन्याचा तक्ता, ज्यात बहुतेक आराखड्यांत एक लहानशी, घाईने काढलेली रेघ असते.